वाचक विचारतात : एमजीबीचं इंजिन घरी खोलताना

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या अॅबिंग्डनला एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या पाच लाखांहून जास्त तयार झाल्या. इंजिनात लोखंडी ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग), व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड म्हणजे दांडे, आणि बहुतेकांना एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर. सुटे भाग आजही मिळतात, त्यामुळे घरी इंजिन बांधायला बसणाऱ्यांच्या प्रश्नांत हीच गाडी पुन्हा पुन्हा येते.

प्रश्न (लेस्टर) : १९७२ ची एमजीबी. निळा धूर येतो, आणि इंजिन तापल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल प्रेशर १० पीएसआयच्या (दाबाचं इंग्रजी माप) खाली जातं. ०.०३० इंच ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठ्या) पिस्टनचा सेट सवलतीत मिळतोय. घेऊन ठेवू का?

उत्तर : नका घेऊ. पिस्टन कुठल्या मापाचे लागणार हे ब्लॉक सांगेल, दुकानदार नाही. त्यातून धूर आणि प्रेशर ही दोन वेगळी दुखणी असू शकतात.

आधी धुराची वेळ बघा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताच भपकन धूर निघत असेल, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर. चढावर, दाबलेला असताना सतत निघत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेजने घ्या : एकदा तसंच, एकदा प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून. ऑइल सोडल्यावर आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरचं भोक) गेलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बघा. नुसत्या गाइडांसाठी अख्खा ब्लॉक बोरिंगला टाकणारेही आहेत.

प्रेशरचं म्हणाल, तर धडधाकट इंजिन गरम असताना आयडलला १० ते २५ आणि रस्त्यावर ५० ते ८० पीएसआय दाखवतं. इंजिन उतरवण्याआधी रिलीफ व्हॉल्व्ह (जादा ऑइल प्रेशर सोडून देणारा) काढून बघा. त्याच्या बैठकीत कचऱ्याचा एक कण अडकला तरी प्रेशर पडतं.

इंजिन खोलावंच लागलं, तर कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग कॅपवर आधी क्रमांकाची खूण करा. कॅप अदलाबदल झाल्या की बेअरिंगचं भोक गोल राहत नाही. बोअरचं मूळ माप ८०.२६ मिमी. वरची रिंग जिथे थांबते त्याच्या जरा खाली, मधे आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी इंजिनच्या लांबीच्या दिशेने आणि तिला आडवं, असं प्रत्येक सिलिंडरमागे सहा वेळा मोजा. झीज जास्त वरच्या बाजूला सापडेल, कारण तिथे उष्णता जास्त आणि ऑइल कमी. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा. त्याच्या मेन जर्नलचं (ब्लॉकमधल्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचं) माप ५४ मिमी, क्रँकपिनचं (कनेक्टिंग रॉड बसतो त्या भागाचं) ४७.६५. चरे असतील किंवा गोलाई गेली असेल तर ग्राइंडिंग; बेअरिंग ०.०१० इंचाच्या टप्प्याने मिळतात. सगळी मापं कागदावर आली की मगच ऑर्डर द्या.

प्रश्न (कोल्हापूर) : ब्लॉक उद्यमनगरात बोरिंगला देतोय. काय सांगू? परत आल्यावर काय तपासू?

उत्तर : पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक देऊ नका. ब्लॉकसोबत पिस्टन द्या आणि प्रत्यक्ष पिस्टन मोजून, डब्यावर लिहिलेला क्लिअरन्स ठेवून बोअर करायला सांगा. तुमची मापं इंचात, तिथलं मशीन मिमीत. ०.०३० इंचाला नुसता "तीस साइझ" असा निरोप पाठवला तर घोटाळा ठरलेला.

परत आलेला ब्लॉक चकाकत असला तरी स्वच्छ नसतो. होनिंगची (बोअरची भिंत घासण्याची) पूड रेघांमध्ये बसलेली असते आणि ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, लगेच कोरडा करा, मग पांढऱ्या फडक्याला ऑइल लावून बोअर पुसा. फडकं करडं झालं तर पुन्हा धुवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते पांढरं निघतं. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढून आतही ब्रश घाला, क्रँकच्या भोकांतूनही. नवं बेअरिंग पहिल्या अर्ध्या तासात खाणारी पूड तिथेच दडलेली असते.

रिंग बोअरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. बोअरच्या दर इंचाला ०.००४ इंच हा ढोबळ हिशेब, म्हणजे इथे सुमारे ०.३२ मिमी. फट कमी राहिली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि नव्या बोअरला चरा पडतो.

क्रँक बसवताना मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे) नीट बघा : खाचांची बाजू क्रँककडे. उलटे बसले तर क्लच दाबला की कोरडे घासतात. डायल गेजवर क्रँकचा पुढे-मागे खेळ ०.१० ते ०.१३ मिमी यायला हवा.

पाने इंचाचे घ्या. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा पाना बसतो खरा, पण कोपरे खातो.

प्रश्न (स्लाव) : फक्त रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर हलतात तो दांडा) बदलायचा आहे. हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) हात न लावता जमेल?

उत्तर : नाही. रॉकरचे चार मोठे नट हेडच्याच स्टडवर आहेत. तेवढेच सोडले तर हेड एका बाजूने दाबलेलं राहून वाकू शकतं. आधी कूलंट काढा, मग अकराही नट थोडे थोडे करून ढिले करा. आवळताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, शेवटी ४५ ते ५० फूट-पाउंड. हेड उचललं गेलं तर पॅकिंग नवं.

प्रश्न (पुणे) : इंजिन बांधून झालं. पहिल्यांदा चालू करताना काय सांभाळू?

उत्तर : आधी टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली, थंड इंजिनवर ०.०१५ इंच. नऊचा हिशेब लक्षात ठेवा : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला लावा, सातवा उघडा तेव्हा दुसरा, सहावा उघडा तेव्हा तिसरा. बेरीज नेहमी नऊ.

कॅमशाफ्ट नवा असेल तर टॅपेटही (त्याच्यावर टेकणारे, पुशरॉड उचलणारे भाग) नवेच हवेत; जुने टॅपेट नवा कॅम खाऊन टाकतात. दोन्हींना असेंब्ली पेस्ट लावलेली असू द्या आणि झिंक असलेलं २०डब्ल्यू-५० ऑइल भरा. प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. काटा हललाच नाही तर पंपाने ऑइल ओढलेलं नाही. तसं इंजिन चालू करू नका.

चालू झाल्यावर आयडलला सोडू नका. वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर, थोडं कमी-जास्त करत चालवा. कॅमला मुख्यतः क्रँकने उडवलेलं ऑइल मिळतं आणि आयडलला ते कमी उडतं. म्हणून रेडिएटर, होस, कार्बोरेटर सगळं आधीच तपासून ठेवा, मधे बंद करायची वेळ यायला नको.

सुमारे ८०० किमीनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, थंड इंजिनवर हेडचे नट पुन्हा आवळा आणि टॅपेटची फट त्यानंतर लावा. रॉकर त्याच स्टडवर असल्याने नट आवळले की टॅपेटची फट बदलते.