रात्री रानात रडतंय ते कोण?

प्रश्न : आमचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. घरामागच्या रानातनं रात्री बाईनं टाहो फोडावा तसं काहीतरी ओरडूलालंय. म्हातारी माणसं हडळ म्हणतात, पोरं म्हणतात मोठं घुबड. दोन कोंबड्या पण गेल्या. आता ढोलीचं जुनं झाडच तोडायचं चाललंय. काय करावं?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : पहिलं म्हणजे झाड तोडू नका. तुमची पोरं बहुतेक बरोबर बोलतायत. आपल्या घाटातल्या दाट रानात ठिपकेदार पोटाचं गरुडघुबड असतं, चांगलं दोन फुटांच्या आसपास उंच, आणि त्याचं ओरडणं दोन तऱ्हेचं, एक खोल घुमणारा हुंकार आणि दुसरी ती चढत जाऊन खाली येणारी किंकाळी, जी ऐकून भलेभले घाबरतात. श्रीलंकेत तर 'उलामा' नावाच्या भुताच्या पक्ष्याची गोष्टच आहे, आणि तो आवाज याच घुबडाचा असावा असं बरेच जाणकार मानतात. त्यामुळं म्हाताऱ्यांना खोटं पाडू नका, त्यांनी ऐकलेलं खरंच आहे, फक्त ती हडळ नव्हे.

दिसलं तर डोळे बघा. याचे गडद तपकिरी, जवळजवळ काळे, चोच फिकट पिवळी, कानावरची पिसं बाजूला आडवी पसरलेली, पांढुरक्या पोटावर काळे ठिपके आणि पायांवर बोटांपर्यंत पिसं. ओढ्याकाठचं मत्स्य घुबड असेल तर डोळे पिवळे आणि पाय उघडे.

ताकद मात्र जबरदस्त हो, रानकोंबडा, ससा, मोर, घोरपड, कधी पिसोरी, म्हणजे ते चिमुकलं हरीणसुद्धा उचलतं, मग मोकळी कोंबडी काय सोडणार? पण रानमांजर, मुंगूस पण कोंबडी नेतात, तेव्हा सगळा आळ घुबडावर नको. दिवस मावळायच्या आत कोंबड्या खुराड्यात घाला, वरनं पण जाळी मारा, रात्री झाडावर बसू देऊ नका.

झाडाचं एवढं का सांगतोय तर ही जोडी घरटं बांधत बसत नाही, मोठ्या झाडाची ढोली नाहीतर गरुडाचं जुनं घरटं धरते आणि अंडं घालते एकच. हिवाळ्यात झाड पाडलं तर वर्षाची सगळी वीण गेली. २०११ मध्ये तुमच्याच खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य झालं ते चांगलंच झालं, पण ढोलीची जुनी झाडं मालकीच्या रानात पण आहेत, ती तुमच्याच हातात.

आणि दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्यासाठी कोणी घुबड विकत मागायला आलं तर सरळ वनखात्याला फोन लावा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबड धरणं, विकणं गुन्हा आहे.