एमएसचं नवीन औषध येईपर्यंत थांबायचं का?

ताई, भावाला रिलॅप्सिंग एमएस निघालाय (मल्टिपल स्क्लेरोसिस, ह्यात आपलीच इम्युनिटी मेंदू-मणक्यातल्या नसांवर हल्ला करते आणि मधूनमधून झटका येतो, त्यालाच रिलॅप्स म्हणतात) आणि घरात दोन मतं पडलीत, कुणी म्हणतंय नवीन गोळी येणार आहे तोवर थांबूया, कुणी म्हणतंय शेत विकून स्टेम सेल करूया, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरातलाच, एमएसचा जुना पेशंट, म्हणून स्पष्ट सांगतो, दोन्ही करू नका. गेलेली नस परत आणणारं औषध अजून बाजारात नाही, आहेत ती पुढचं नुकसान अडवतात, त्यामुळं जितकं लवकर सुरू तितकं चांगलं.

ती नवीन गोळी म्हणजे बहुतेक टोलेब्रुटिनिब. रिलॅप्स थांबले तरी मेंदूत आतल्या आत धुमसत राहतं, गुऱ्हाळाचं चुलवाण विझलं तरी राखेखाली विस्तव असतोय ना तसं, आणि ही गोळी मेंदूत पोचून तिथं काम करते. 2025 ला हर्क्युलिस ट्रायलचा निकाल छापून आला, रिलॅप्स नाहीत पण चालणं हळूहळू बिघडत चाललंय अशा सेकंडरी प्रोग्रेसिव्ह पेशंटमध्ये अपंगत्व वाढायचा धोका 31 टक्क्यांनी कमी झाला. त्या लोकांच्या हातात आजवर फारसं काही नव्हतं, म्हणून मला ही खरंच मोठी गोष्ट वाटते. पण रिलॅप्स कमी करण्यात ती जुन्या टेरिफ्लुनोमाइड गोळीपेक्षा सरस ठरली नाही, आणि लिव्हरवर परिणाम होतो तो वेगळाच. म्हणजे तुमच्या भावाला आत्ता जे पाहिजे ते तिच्यात नाही. त्याच जातीचं इव्होब्रुटिनिब तर 2023 ला ट्रायलमध्येच पडलं.

त्याच्या कामाची औषधं आजच आहेत, बी सेल, म्हणजे हल्ल्यात सामील असणाऱ्या इम्युनिटीच्या पेशी, कमी करणारी. ओक्रेलिझुमॅब महाग. रिटुक्सिमॅब भारतीय कंपन्यांचं मिळतं म्हणून बरंच स्वस्त पडतं. त्याच्या लेबलवर एमएस लिहिलेलं नसतं त्यामुळं घरचे घाबरतात, पण स्वीडनच्या 2022 च्या ट्रायलमध्ये रिटुक्सिमॅबवर 3 टक्के लोकांना रिलॅप्स आला आणि डायमिथाइल फ्युमरेट ह्या एमएसच्या गोळीवर 16 टक्के, आणि 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेनं एमएससाठी ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आधी हेपटायटिस बी, टीबी आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या (रक्तातल्या अँटिबॉडीच्या) टेस्ट करून घ्या. औषध सलाइनमधून हळूहळू सोडतात, सगळा दिवस जातो, घशात खाज किंवा थंडी वाजल्यासारखं झालं तर लगेच सिस्टरना सांगायचं, त्या वेग कमी करतात, गप्प पडून राहायचं नाही.

आता स्टेम सेल. ह्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावानं खपवल्या जातात. एक खरं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आधी केमो देऊन इम्युनिटी पाडतात मग स्वतःच्याच पेशी परत देतात, 2019 च्या 110 पेशंटच्या ट्रायलमध्ये त्याचा निकाल औषधांपेक्षा खूप चांगला होता, पण इन्फेक्शनचा आणि मूल न होण्याचा धोका असतो, म्हणून औषधं घेऊनही आजार आटोक्यात येत नाही अशा निवडक लोकांनाच ते करतात. दुसरं ते पाठीत इंजेक्शन देणारं लाखांचं पॅकेज, त्याला पुरावा नाही, आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमांत हे फक्त ट्रायलमध्येच चालतं आणि ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी पॅकेज सांगितलं की सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी नंबर मागा, आणि शेत राहू द्या.

अजून एक, आणि हे आधी बघा. एक्यूपी4 आणि मॉग ह्या अँटिबॉडीच्या रक्ताच्या टेस्ट झाल्यात का? आपल्याकडं एनएमओ (डोळ्याच्या आणि मणक्यातल्या नसांचा, एमएससारखा दिसणारा वेगळा आजार) कधीकधी एमएस म्हणून धरला जातो आणि एमएसच्या इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड ह्या औषधांनी एनएमओ उलट वाढतो. फाइलमध्ये ते रिपोर्ट नसतील तर पुढच्या व्हिजिटला न्यूरोलॉजिस्टना पहिल्यांदा हेच विचारा, औषधाचं मग बोला.