घरची पहिली बैठक भरवताना

रविवारी सकाळी घरी गाण्याची बैठक ठेवतोयस, फार छान! आधी गायकाची पट्टी (पेटीच्या कोणत्या सुराला 'सा' धरून गातो ते) विचार आणि तबलजींना दोन दिवस आधीच कळव. काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी) लागणारा तबला काळी एकपर्यंत चढत नाही, लहान तोंडाचा लागतो. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात (प) लावायची की मध्यमात (म) हे रागावर ठरतं, म्हणून वाद्यं लावायला अर्धा तास राखून ठेव. पंख्याचा झोत वाद्यांवर नको. एसी तर मध्येच लावू नकोस, हवा बदलली की तारा आणि चामडं दोन्ही बिघडतात. 25-30 माणसांना माईक कशाला? खरा आवाज ऐकण्यासाठीच तर घरची बैठक! दाराशी एका मित्राला बसव. उशिरा आलेल्यांना राग संपल्यावरच आत सोडायचं. चहा मध्यंतरातच. मानधनाची पाकिटं आधीच भरून ठेव, साथीदारांची वेगळी.