सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला स्वतःचं आवरायला कसं शिकवायचं?

शिकतात हो, नक्की शिकतात. सौम्य म्हणजे साधारण ५० ते ७० च्या मधला आयक्यू, आणि यातली बहुतेक मुलं अंघोळ, कपडे, जेवण सगळं स्वतःचं स्वतः करायला लागतात, फक्त वेळ आणि सराव जास्त लागतो.

समजा रोज सांगूनही मुलाला टी-शर्ट घालता येत नाही, तर सांगणं कमी करा आणि काम छोट्या तुकड्यांत शिकवा, तेही शेवटाकडून. म्हणजे डोक्यातून, हातांतून तुम्ही घाला, फक्त पोटावरून खाली ओढायचं त्याला करू द्या आणि लगेच "वा, टी-शर्ट घातलास तू!" म्हणा. ते पक्कं झालं की एक हात त्याने घालायचा, मग दोन्ही, मग डोकं. याला बॅकवर्ड चेनिंग म्हणतात, यात काम पूर्ण केल्याचा आनंद दरवेळी त्यालाच मिळतो.

मदतही हळूहळू काढून घ्यायची, आधी हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग काहीच न बोलता थांबायचं. हे थांबणंच खूप जड जातं, घाईत आपण पटकन करून टाकतो आणि मूल आपण करून देण्याची वाट बघायला शिकतं!

दात घासायच्या स्टेप्सचे फोटो बेसिनपाशी लावा, घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरा. आणि बाथरूमचं दार लावून घेणं, कपडे कुठे बदलायचे, कुणी कुठे हात लावायचा नाही, हे प्लीज लहानपणापासूनच शिकवा, यात बरेच पालक फार उशीर करतात.