वाचकांचे प्रश्न : अमेरिका कशावरून दुभंगली?

प्रश्न : आमच्या वाचनालयातील एका व्याख्यानात वक्त्यांनी असे सांगितले, की अमेरिकेतील यादवी युद्ध हे मुळात आयात मालावरील जकातीचे आणि राज्यांच्या हक्कांचे भांडण होते, गुलामगिरीचे निमित्त मागाहून पुढे करण्यात आले. तसे असेल, तर ज्यांच्या घराण्याचे मूळ आमच्या जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकी लोकांना का अर्पण केले? खुलासा व्हावा.
— एक वाचक, सातारा

उत्तर : वक्त्यांच्या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पण त्यांनी दाखवला त्या जागी तो नाही. दोन प्रदेशांचे हितसंबंध निराळे असणे ही नित्याची गोष्ट आहे. कृष्णाकाठचा ऊस बागायतदार आणि माण-खटावचा कोरडवाहू शेतकरी यांचेही पाण्याच्या प्रश्नावर एकमत होत नाही. तेवढ्यावरून कोणी वेगळे राष्ट्र मागत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र सरकी काढण्याचे यंत्र १७९३ मध्ये निघाल्यानंतर कापसाची लागवड झपाट्याने पसरली आणि १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत ४० लाखांच्या घरात गेली. ही माणसे मळेवाल्यांच्या दृष्टीने गहाण टाकता येणारी आणि वारसांना देता येणारी मालमत्ता होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय गुलामगिरी टिकवण्याचा त्यांचा पुढचा हट्ट समजत नाही.

या हट्टाला धार आली ती पश्चिमेकडील नव्या भूमीमुळे. सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, प्रत्येक राज्याला, लहान असो वा मोठे, दोनच जागा असल्यामुळे नवे राज्य गुलामगिरी मानणारे की न मानणारे, यावर साऱ्या देशातील सत्तेचा तोल अवलंबून असे. १८२० मध्ये गुलामगिरी मानणाऱ्या मिसूरीबरोबर मेन हे मुक्त, म्हणजे ती न मानणारे, राज्य घेऊन तो तोल सांभाळला गेला. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आल्यावर तो ढळला. १८५४ मध्ये कॅन्सस व नेब्रास्काचा निर्णय तेथील वसाहतवाल्यांवर सोपवण्यात आला, तेव्हा कॅन्ससमध्ये प्रत्यक्ष रक्तपात झाला. त्यातच ड्रेड स्कॉट या गुलामाच्या १८५७ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांत गुलामगिरीला मज्जाव करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, नाही, असा निवाडा दिल्याने तडजोडीची उरलीसुरली वाटही बंद झाली.

राज्यांच्या हक्कांची गोष्ट तर उलटीच आहे. पळून गेलेले गुलाम धरून परत पाठवण्याची सक्ती करणारा १८५० चा केंद्रीय कायदा दक्षिणेलाच हवा होता, आणि २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून बाहेर पडताना साउथ कॅरोलिनाने जी तक्रार मांडली, ती उत्तरेकडील राज्ये हा कायदा पाळत नाहीत अशी होती. म्हणजे हक्क आपला तेवढा खरा, दुसऱ्याचा नव्हे! मिसिसिपीने तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे आपल्या जाहीरनाम्यातच लिहिले. वाढीव जकातीचा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तेव्हा सात राज्ये आधीच फुटून गेली होती.

सत्याचा अंश आहे तो उत्तरेच्या बाजूला. राष्ट्राध्यक्ष लिंकन गुलामगिरीच्या विस्ताराच्या विरोधात होते, परंतु एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर फुटीरांनी तोफा डागल्यानंतर त्यांनी युद्ध हाती घेतले ते संघराज्य टिकवण्यासाठी, गुलामांना मुक्त करण्यासाठी नव्हे. गुलामगिरी असलेली चार राज्ये तर त्यांच्याच बाजूला राहिली होती. मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ रोजी झाली, तीही फुटीरांच्या ताब्यातील प्रदेशापुरती, आणि गुलामगिरी देशभर रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये अमलात आली.

तेव्हा गुलामांच्या मुक्तीबद्दल अमेरिकी लोकांचा गौरव करणारी फुल्यांची अर्पणपत्रिका निराधार नव्हती. ती लिहिली गेली तेव्हा मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष दक्षिणेत मतदान करीत होते आणि त्यांच्यातील काही जण काँग्रेसमध्येही निवडून गेले होते. दक्षिणेतील सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले ते १८७७ मध्ये, आणि त्यानंतरच्या काळात या लोकांचे मताधिकार एकेक करून हिरावले गेले.