नवऱ्याला गनोरिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतूंचा आजार) झाला होता, मला काहीच त्रास नाही. तरी मी औषध घ्यायचं का?

हो, घ्यायचं, आणि लक्षणांची वाट न पाहता. बायकांमध्ये गनोरियाचे जंतू गर्भाशयाच्या मुखाशी बसतात. तिथे पुष्कळजणींना ना दुखतं, ना जळजळ होते, पण जंतू वर चढून गर्भनलिका खराब करू शकतात. शिवाय एकट्यानेच औषध घेतलं तर संबंधातून लागण परत त्याच्याकडे जाते. ‘गोळ्या लागू पडल्या नाहीत’ असं वाटतं ते बरेचदा यामुळेच. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) जोडीदारालाही मोफत औषध मिळतं. दोघांचे उपचार झाल्यावर ७ दिवस संबंध टाळा. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त आत्ता तपासा, ३ महिन्यांनी पुन्हा. गरोदर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं तेव्हा टाळतात. नवऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका.