आधी प्लॉट ठरव, मग सिलॅबस

अगं, तुझी मेल मिळाली. कुरण व्यवस्थापनाचा सिलॅबस नव्यानं लिहायचं काम अंगावर आलंय आणि तू पार गोंधळून गेलीयस, ड्रोन घालू की रिमोट सेन्सिंग, हवामान बदल की पशुपालकांचं अर्थशास्त्र, आणि क्रेडिट्स तर तेवढेच. लिस्ट चांगली केलीयस. पण ती सगळी वाचून झाली तरी मुलं त्याच जमिनीवर परत कधी जाणार ते मला कुठेच दिसलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि मी ते सोडणार नाही. एक जागा ठरवायची, खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक बॅचनं त्याच सीझनला, त्याच रेषेवर, त्याच पद्धतीनं मोजायचं आणि आपलं रेकॉर्ड पुढच्या बॅचच्या हातात द्यायचं. एक दिवसाची फील्ड व्हिजिट म्हणजे शिक्षण नव्हे, ती सहल.

आपल्या विषयाचा इतिहासच बघ ना. क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१६ मध्ये मांडलं की वनस्पती एका ठरलेल्या क्रमानं वर चढत जातात, त्याच पायावर १९४९ मध्ये डिक्स्टरह्युस या कुरणतज्ज्ञानं कुरणाची प्रत ठरवायची पद्धत बसवली, म्हणजे जनावरं कमी केली की जमीन आपोआप पूर्वपदावर येणार. कागदावर सुंदर. पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या होर्नाडा या कुरण-संशोधन केंद्रात १९१५ पासून जमिनीच्या ठराविक चौकटी परत परत मोजल्या गेल्या, आणि तिथं गवत जाऊन मेस्किटची झुडपं बसली ती बसलीच, नुसती चराई कमी करून गवत काही परत येईना. अशा सगळ्या अनुभवांवरच १९८९ मध्ये वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांचं स्टेट-अँड-ट्रान्झिशन मॉडेल उभं राहिलं, म्हणजे जमीन एका अवस्थेतून दुसरीत गेली की आपोआप मागे येईलच असं नाही. तेच मॉडेल आपण आज पीपीटीच्या एका स्लाइडवर दाखवतो आणि पुढे जातो! मुलांना वाटतं कुणाला तरी खुर्चीत बसून सुचलं असेल.

धारणक्षमतेचं, म्हणजे जमीन किती जनावरं पोसू शकते त्याचं, पण तेच. एकदा गवत कापून वजन करायचं, भागाकार करायचा, हेक्टरी इतकी जनावरं असं उत्तर लिहायचं, फुल मार्क्स. एलिस आणि स्विफ्ट या संशोधकांनी १९८८ मध्ये केनियातल्या तुर्काना भागाबद्दल दाखवून दिलं की जिथं दुष्काळ वारंवार पडतो तिथं तो एक आकडा फारसा कामाचा राहत नाही, पाऊसच सगळं ठरवतो. हे ऐकून पाठ होतं, पटत मात्र नाही. पटतं कधी, तर मागच्या बॅचचा आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवल्यावर.

आता तू म्हणशील सॅटेलाइट आहेच की, लँडसॅटचा डेटा १९७२ पासूनचा आहे. वापर ना, जरूर वापर. मी कॉम्प्युटरच्या विरोधात आहे असं आमच्याकडे बरेच जण म्हणायचे, ते खरं नाही. हिरवा पिक्सेल दिसला तर तिथं जनावर खाईल असं गवत आहे की ज्याला ते तोंडही लावणार नाही असं झुडूप, हे जमिनीवर जाऊनच कळतं, मी एवढंच म्हणत होतो. आमचा विभाग दुसऱ्या विभागात विलीन झाला तेव्हा फील्ड कॅम्प सगळ्यात आधी कापला गेला, खर्च फार होतो म्हणून. जुना प्लॉट गेला, वह्या कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही. मी भांडलो, हटवादी ठरलो. त्याची खंत आहे, भांडल्याची नाही, ते रेकॉर्ड तुटल्याची, कारण मधली वर्षं नंतर कुणालाच मोजता येत नाहीत.

म्हणून तू नीट ऐक. प्लॉट लांबचा आणि नावाजलेला नको, कॅम्पसच्या जवळचा साधा चालेल, मुलं परत जाऊ शकतील असा. त्यातला एक तुकडा कुंपण घालून चराईपासून बंद ठेव, शेजारचा उघडा. पर्जन्यमापक लाव, फोटो दरवेळी त्याच खुंटीवरून त्याच दिशेला. पहिल्या सेमिस्टरलाच ने, शेवटच्या वर्षाची वाट बघू नकोस. दोन मुलांना एकाच चौकटीतलं गवताचं आच्छादन डोळ्यानं अंदाजायला सांग, आकडे जुळणार नाहीत, तिथून जी चर्चा सुरू होईल ती स्टॅटिस्टिक्सच्या पेपरात होत नाही. परीक्षेला जुना डेटा आणि नवा डेटा समोर ठेव आणि विचार, हा फरक पावसाचा, चराईचा की मोजणाऱ्याचा?

आणि तिथं जनावरं चारणाऱ्या माणसांना शिकवायला बोलव, मानधन देऊन, पाहुणे म्हणून नाही. त्याच जमिनीवर वर्षानुवर्षं परत येणारे तेच तर आहेत, आपण डिग्रीवाले नाही. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलंय, कमिटीला पटवायला हे कारण वापरून घे.

खर्चाचा मुद्दा निघेलच. खुंट्या, टेप आणि वही यांना लॅबच्या एका मशीनइतकेही पैसे लागत नाहीत, हे तोंडावर सांग, लाजू नकोस.

ड्राफ्ट पाठव. पहिल्याच पानावर प्लॉट कुठे आहे, तू बदलून गेलीस तर तो कोण सांभाळणार आणि डेटा लायब्ररीत कुणाच्या ताब्यात राहणार हे लिहिलेलं असू दे. बाकीचे पेपर मी त्यानंतर वाचीन.